पाच ग्रेनची पोकळी

या प्रकरणातली रायफल अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात आहे; तिच्या गोळ्या तिथेच ओतल्या गेल्या आणि तिथल्याच मैदानावर झाडल्या गेल्या. बिघाडाचा शोध मात्र अमळनेरला लागला, आणि तोही आयुष्यात एकदाही रायफल हाती न धरलेल्या माणसाने लावला. रायफल माझ्या धाकट्या भावाची आणि शोध लावणारे आमचे मामा. मी धुळ्याला तंत्रनिकेतनात ओतकाम व कार्यशाळा हे विषय शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे या दोघांमधल्या निरोपांची आणि आकडेमोडीची वही माझ्याकडे राहिली. त्या वहीवरून हे टिपण तयार केले आहे.

रायफल आणि तक्रार

भावाची रायफल विंचेस्टर कंपनीच्या १८८५ च्या नमुन्याची आहे. जाणकार तिला ‘हाय वॉल’ म्हणतात. हा नमुना मूळचा जॉन ब्राउनिंग यांचा. त्यांनी त्याचे पेटंट १८७९ मध्ये घेतले, विंचेस्टरने ते १८८३ मध्ये विकत घेतले, आणि १८८५ पासून १९२० पर्यंत या रायफली बनत राहिल्या. चापाखालची कडी खाली ओढली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो. उघड्या पडलेल्या कोठीत एक काडतूस हाताने सारायचे, कडी वर करायची आणि एक बार काढायचा. दुसऱ्या बारासाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून. काडतूस .४५-७० जातीचे, म्हणजे ०.४५ इंच व्यासाचे आणि मूळ हिशेबात ७० ग्रेन काळी दारू मावणारे. अमेरिकन लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले. ग्रेन हे वजन आपल्याकडे आता कुणी वापरत नाही, म्हणून सांगतो: एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. भावाची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांची.

अशा रायफलींची नेमबाजी तिकडे जुनी आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयरिश आणि अमेरिकन संघांची ८००, ९०० आणि १००० यार्डांवर जी लढत झाली, तीत अमेरिकनांनी शार्प्स आणि रेमिंग्टन या मागून भरायच्या एकबारी रायफली वापरल्या, आयरिश संघाने रिग्बीच्या तोंडाकडून ठासायच्या, आणि निकाल ९३४ विरुद्ध ९३१ असा अवघ्या तीन गुणांनी अमेरिकनांच्या बाजूने लागला. आज त्याच जातीच्या रायफलींनी पोलादी आकृत्या पाडण्याच्या स्पर्धा होतात. कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५ आणि मेंढा ५०० मीटरवर उभा असतो. त्यांतली कोंबडी उभे राहून, कशाचाही टेकू न घेता पाडावी लागते. भावाला या स्पर्धेत उतरायचे होते. त्याआधी २०० यार्डांवर, म्हणजे १८३ मीटरवर, कागदावर दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे त्यांच्या भोकांचा पुंजका, दहा सेंटिमीटरच्या आत बसावा एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि जुन्या नळीकडून ती अवाजवी नव्हती.

प्रत्यक्षात पहिले ग्रुप २२ सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर रुंद पडले. उंची रुंदीपेक्षा जास्त असली की संशय आधी वेगावर जातो, कारण काही गोळ्या सावकाश निघाल्या तर त्या खाली लागतात. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो, आणि कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत ही काजळी नळीत खापरीसारखी कडक होते. जुन्याजाणत्यांच्या सल्ल्याने भावाने दोन बारांच्या मधे रबरी नळीने कोठीत चार दीर्घ श्वास फुंकायला सुरुवात केली, म्हणजे श्वासातल्या ओलाव्याने काजळी मऊ राहते. त्याने उंची १६ सेंटिमीटरवर आली. तिथे सुधारणा थांबली. आता ग्रुप उंचही नव्हता आणि रुंदही नव्हता. तो गोल होता, आणि गोल विखुरणे हे निदानाला सर्वांत अवघड असते.

पुढच्या दोन महिन्यांत त्याने जे जे तपासले ते सगळे शहाणपणाचे होते आणि कशाचाही उपयोग झाला नाही. दारूचे माप बदलले. मागची साइट घट्ट केली. गोळीला गिरकी देणाऱ्या, नळीतल्या आट्यांचा पीळ गजाला चिंधी गुंडाळून मोजला तर तो २० इंचांत एक फेरा निघाला. ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञांच्या १८७९ च्या सूत्राने, म्हणजे व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागले असता, १.३ इंच लांबीच्या या गोळीला २४ इंचांत एक फेराही पुरला असता. तेव्हा पीळ निर्दोष ठरला. मिश्रण २० भाग शिसे आणि १ भाग कथील असे ठरलेले होते. गोळ्या डोळ्यांना सुबक दिसत होत्या. एकच गोष्ट त्याला खटकत होती, ती म्हणजे ५०१ ग्रेन भरायला हव्यात अशा गोळ्यांत ४९५ पासून ५०१ पर्यंत सगळी वजने सापडत होती. पण सहा ग्रेन म्हणजे सव्वा टक्काही नाही, तेवढ्याने काय होणार, असे त्याला वाटे. दिवाळीच्या फोनवर त्याने हे सगळे मामांना सहज बोलता बोलता सांगितले.

मामांचा धंदा

मामांनी अमळनेरला एका छापखान्यात बत्तीस वर्षे मोनोटाइपच्या ओतयंत्रावर काम केले. भोके पाडलेली कागदी पट्टी यंत्रात घातली की त्या भोकांच्या हिशेबाने एकेक मातृका, म्हणजे अक्षराचा खोलगट ठसा, साच्यासमोर येते, पंपाचा दट्ट्या वितळलेली धातू साच्यात दाबतो, साच्याभोवती खेळवलेल्या थंड पाण्याने ती क्षणात गोठते आणि खिळा, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर, बाहेर पडतो. खिळ्यांची धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण. पंप ढिला झाला किंवा धातू थंड पडली की खिळे पोकळ निघतात. दिसायला धड, पण छपाईच्या दाबाखाली दोन-चार हजार कागदांत बसून जाणारे. असा खिळा मामा बोटांनी ओळखत. तळहातावर पाच-सहा खिळे खुळखुळवून त्यांतला हलका ते बाजूला टाकत, आणि तो फोडला की आत हटकून भोक सापडे.

म्हणून ‘गोळ्या सुबक आहेत पण हलक्या भरतात’ हे वाक्य ऐकल्याबरोबर मामांनी रायफलीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारले की हलक्या गोळ्या ओतताना कितव्या होत्या. भावाला ते सांगता येईना, कारण ओतलेली प्रत्येक गोळी तो जुन्या टॉवेलवर ढिगात टाकत असे.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक ही होती, आणि ती धातूची नसून नोंदीची होती. ढिगात टाकलेल्या मालाची तुम्ही हवी तेवढी वजने करा, हवी तशी प्रतवारी लावा. बिघाड कधी झाला हे तो माल सांगणार नाही. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून ओतकाम करून घेताना मीही हेच पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर अनुक्रमांक टाकायला लावणे हे मलाही पहिल्या पाच-सहा वर्षांत सुचले नव्हते.

शंभर गोळ्या, ओळीने

मामांच्या सांगण्यावरून भावाने शंभर गोळ्या नव्याने ओतल्या, पद्धत जराही न बदलता. त्याची पद्धत अशी होती: तळातून धार सोडणारी विजेची भट्टी, एका गोळीचा लोखंडी साचा, धारेपासून साचा तीन-चार सेंटिमीटर खाली, वरच्या पट्टीवर धातूचे लहानसे थारोळे दिसले की खटका बंद, लगेच पट्टीला मोगरीचा टोला देऊन शेपटी, म्हणजे गोळीच्या बुडाला जोडून गोठलेले ते थारोळे, तोडायची आणि गोळी बाहेर. प्रत्येक गोळी त्याने दहा-दहाच्या ओळीत मांडली आणि दशांश ग्रेन दाखवणाऱ्या काट्यावर तोलली.

पहिल्या ओळीत ४९४ ते ४९७ ग्रेनच्या गोळ्या होत्या आणि त्यांच्या नाकांवर सुरकुत्या होत्या, म्हणजे साचा थंड होता. दुसऱ्या ओळीत सुरकुत्या गेल्या, वजन चढू लागले. तिसरी आणि चौथी ओळ बरीच एकसारखी, ५०० च्या आसपास. चाळिसाव्या गोळीनंतर भांड्यातली पातळी उतरली म्हणून भावाने तोडलेल्या शेपट्या परत भांड्यात टाकल्या, वर मेणाचा तुकडा टाकून ढवळले, आणि यात पाच-सहा मिनिटे गेली. पाचवी ओळ पुन्हा ४९५ वर आली. फरक एवढाच की या वेळी सुरकुत्या नव्हत्या. दिसायला ती ओळ चौथीसारखीच सुंदर होती. सातव्या ओळीपर्यंत वजन पुन्हा चढले, आणि घाईत ओतलेल्या शेवटच्या दोन ओळींत गोळ्यांवर पांढुरकी झाक आली, बुडांवर शेपटी तोडल्याच्या जागी ओरखडे उमटले आणि वजने वर-खाली झाली.

मामांनी पाचव्या ओळीतली सर्वांत हलकी गोळी उभी कापायला सांगितली. भावाने ती दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळली, बारीक दातांच्या हॅकसॉने कापली आणि कापलेली बाजू कानशीने घासली. शिसे कानशीच्या दातांत भरते, म्हणून आधी कानशीला खडू चोळला. फोटो आला तेव्हा मी अमळनेरलाच होतो. शिशाचा घासलेला भाग आरशासारखा चकचकीत होता, आणि बुडापासून चार मिलिमीटर आत, मध्यरेषेच्या जरा डावीकडे, एक काळपट, खडबडीत कडांचे भोक होते. वरून, म्हणजे बुडावरून, त्याचा मागमूस नव्हता. मामांनी फोन नाकाशी धरून ते बराच वेळ पाहिले आणि भावाला अहिराणीत एवढेच म्हणाले, “शिसाले तहान लागस भो, त्याले पाज.”

या वाक्याचा अर्थ त्यांनी मग मेणावर दाखवला. आपल्याकडे परवान्याशिवाय गोळ्या ओतता येत नाहीत: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. तिकडे स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतायला केंद्रीय परवाना लागत नाही. म्हणून अमळनेरच्या घरात शिशाचा थेंबही वितळला नाही. मामांनी स्टीलच्या दोन पेल्यांत मेणबत्तीचे मेण वितळवून ओतले. पहिला पेला तसाच ठेवला. गोठल्यावर त्याच्या मध्यभागी बोट जाईल असा खळगा पडला. दुसऱ्यात मेण गोठत असताना वरून पळीने गरम मेणाची बारीक धार सोडत राहिले. त्याचा माथा जवळजवळ सपाट झाला. द्रव गोठताना आकसतो, आणि आकसल्यामुळे पडलेली जागा भरायला वरून द्रव मिळाला नाही तर ती जागा पोकळीच्या रूपाने आत राहते. मोनोटाइपमध्ये हे पाजण्याचे काम पंप करतो. गोळीच्या साच्यात पंप नसतो. तिथे शेपटीचे थारोळे हाच पंप, आणि भावाचे थारोळे गोळीच्या आधी गोठत होते. साचा पुरता तापलेला असताना थारोळे थोडा वेळ जिवंत राही आणि गोळी भरे. पाच मिनिटांच्या खंडाने साचा निवला की थारोळे आधी गोठे आणि गोळी तहानलेली राही. चौथ्या आणि पाचव्या ओळीतला फरक एवढाच होता.

या ठिकाणी मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या की यात एवढे कापाकापीचे काय आहे, खापर तापल्याशिवाय मांडा उतरत नाही आणि मधेच जाळ कमी झाला तर पुढचा मांडा चिकटतोच. खानदेशात पुरणाचे मांडे करणाऱ्या प्रत्येक घरी पहिला मांडा मुलांच्या नाहीतर गाईच्या वाट्याला जातो, तो काही उगाच नव्हे. भावाने पुढे आपल्या वहीत ओतकामाच्या पहिल्या पंधरा गोळ्यांना ‘गाईचे मांडे’ असेच नाव दिले.

वजन की पोकळी

मला मात्र आकड्यांशिवाय चैन पडेना. पाच ग्रेनने हलकी गोळी इतकी वाईट का जावी, हा भावाचा मूळ प्रश्न रास्त होता.

शिसे गोठताना सुमारे साडेतीन टक्के आकसते. भावाच्या मिश्रणाची घनता सुमारे ११ धरली तर ५०१ ग्रेनच्या गोळीचे आकारमान तीन घन सेंटिमीटरला थोडे कमी येते, आणि तिचे आकसणे वजनात मोजले तर ते सुमारे १७ ग्रेन भरते. म्हणजे गोळीला वरून काहीच मिळाले नसते तर १७ ग्रेनची तूट आली असती. पाच-सहा ग्रेनची तूट याचा अर्थ तहान दोन तृतीयांश भागली आणि एक तृतीयांश राहिली. पाच ग्रेन शिशाची जागा एका गोल भोकात कल्पिली तर त्याचा व्यास पावणेचार मिलिमीटरच्या वर जातो. ज्वारीचा दाणा एवढाच असतो. दीड ग्रेनची तूट म्हणजे बाजरीचा दाणा.

आता नुसत्या हलकेपणाचा परिणाम पाहू. गोळी एक टक्क्याने हलकी झाली तर ती फार तर अर्ध्या टक्क्याने वेगात जाईल. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तिचा वेग सेकंदाला ३८० मीटर होता, म्हणजे १८३ मीटर जायला तिला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात ती १.३ मीटर खाली येते. वेगात अर्धा टक्का फरक पडला तर या खाली येण्यात एक टक्का, म्हणजे सव्वा सेंटिमीटर फरक पडेल, आणि तोही फक्त वर-खाली. तेव्हा भावाचे म्हणणे इथवर बरोबरच होते.

पण भोक मध्यरेषेवर नसेल तर गोष्ट वेगळी होते. २० इंचांत एक फेरा घेणारी गोळी या वेगाने सेकंदाला सुमारे ७५० गिरक्या घेते. ज्वारीच्या दाण्याएवढे भोक मध्यरेषेपासून दोन मिलिमीटर बाजूला असेल तर गोळीचा गुरुत्वमध्य मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने सरकतो. नळीत असताना गोळीला नळीच्या मध्याभोवतीच फिरावे लागते. नळीतून सुटताच ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते, आणि सुटण्याच्या क्षणी गुरुत्वमध्य ज्या बाजूला जात असेल त्या बाजूला सेकंदाला नऊ-साडेनऊ सेंटिमीटरचा आडवा वेग तिच्यात राहून जातो. अर्ध्या सेकंदात हा आडवा वेग तिला जवळजवळ पाच सेंटिमीटर भलतीकडे नेतो. कुठल्या बाजूला, हे काडतुसात गोळी कशी फिरून बसली यावर ठरते, आणि ते कुणी पाहत नाही. म्हणून ग्रुप गोल. ५०० मीटरवरच्या मेंढ्यापाशी हीच चूक १५ सेंटिमीटर होते.

काटा भावाला ग्रेन दाखवत होता आणि तो ग्रेनचाच हिशेब करत होता. गोळी वाईट जात होती ती हलकी असल्यामुळे नव्हे. काट्यावरचे हलकेपण ही नुसती आतल्या भोकाची खूण होती. भोक बुडाशी असल्याने नुकसान आणखी वाढत असणार असा माझा समज आहे. फ्रँकलिन मान या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मुद्दाम खराब केलेल्या गोळ्या झाडून दाखवले होते की नाकाला झालेली इजा गोळी बरीचशी सोसते, बुडाची सोसत नाही.

उपाय, आणि उपायातली अडचण

मामांनी सांगितलेला उपाय नवा नव्हता. लांब गोळ्या ओतणारे तिकडचे जुने लोकही पळीनेच ओततात. तळातल्या धारेऐवजी नळकांडी तोंडाची पळी घ्यायची, साचा आडवा धरून पळीचे तोंड साच्याच्या भोकाला टेकवायचे, मग दोन्ही एकत्र उभे करायचे आणि मनात पाच म्हणेपर्यंत तसेच धरायचे. या पाच अंकांत पळीतली गरम धातू वरून भार देत राहते आणि गोळी हवे तेवढे पिते. पळी काढताना वर मोठे थारोळे सोडायचे, ते चकाकतेपासून मळकट होईपर्यंत पाहायचे, त्यानंतरही थोडे थांबून मगच शेपटी तोडायची. भांड्याचे तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास. शेपट्या मधेच परत टाकायच्या नाहीत. लय मोडायची नाही.

भावाने एक जास्तीची सूचना स्वतःहून मांडली: खिळ्यांची धातू वापरली तर? अँटिमनीमुळे आकसणे कमी होते, साचा धारदार भरतो. मामांना ती मोहाची वाटली, पण इथे नेमबाजीचे शास्त्र आडवे येते. काळ्या दारूचा धक्का मऊ गोळीला किंचित फुगवतो आणि तिचे बूड आट्यांत घट्ट बसते. खिळ्यांच्या धातूची कडक गोळी फुगत नाही, बाजूने गरम वायू निसटतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. वीसास एक हेच मिश्रण कायम राहिले. मळीबद्दल मात्र मामांनी त्याला झापले. वर तरंगणारी करडी साय म्हणजे कथील वेगळे होऊन वर आले, अशा समजुतीने तो ती काढून टाकत होता. वितळलेले कथील शिशात विरघळलेलेच राहते. वर येतो तो दोन्हींचा जळका अंश, आणि मेण टाकून ढवळले की त्यातली बरीच धातू परत खाली जाते. सायीसकट कथीलही तो फेकून देत होता.

पहिला प्रयत्न फसला. वजने सुधारली, पण गोळ्यांच्या अंगावरच्या उंच पट्ट्यांच्या कडा गोलसर आल्या, जणू साचा पूर्ण भरतच नव्हता. भाऊ म्हणाला की पळी टेकवल्यामुळे हवेला बाहेर पडायला वाटच नाही. मामा म्हणाले, हवा भोकातून जातच नसते, ती साच्याच्या दोन अर्धांमधल्या बारीक रेघांतून जाते, त्या बघ. त्या रेघांत काजळी बसली होती. गोळी सुटायला सोपी जावी म्हणून भावाने मेणबत्तीच्या ज्योतीवर साचा दोन-तीनदा धुरवला होता. जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने रेघा मोकळ्या केल्यावर कडा उमटल्या.

एक गोष्ट मामांनी प्रत्येक फोनवर पुन्हा सांगितली, ती पाण्याची. त्यांच्या उजव्या कोपराखाली भाजल्याचा रुपयाएवढा डाग आहे. श्रावणात खिडकीशी ठेवलेली धातूची लगड दमट झाली होती, ती थेट भांड्यात गेली आणि अर्धे भांडे उसळून बाहेर आले. वितळलेल्या शिशाखाली गेलेला पाण्याचा थेंब वाफ होऊन फुटतो, म्हणून लगड आधी भांड्याच्या काठावर तापवायची आणि मग आत सोडायची. छापखान्यात शिशावर उतारा म्हणून गूळ खायची पद्धत होती, मामाही खात. साबणाने हात धुतल्याशिवाय काही तोंडात न घालणे आणि ओतताना दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवणे, यापलीकडे मी भावाला काही सांगितले नाही, आणि मळीची कोरडी भुकटी झाडूने उडवू नको, ओल्या फडक्याने पूस, एवढे मात्र लिहून पाठवले.

मैदानावर

दुसऱ्या खेपेला पहिल्या पंधरा गोळ्या गाईला गेल्यावर उरलेल्या पंचाऐंशींपैकी बहात्तर गोळ्या ५००.५ ते ५०१.५ ग्रेनच्या मधे भरल्या. त्यांतली एक मध्येच उचलून भावाने कापली. आत भोक नव्हते, निदान डोळ्यांना दिसेल असे नव्हते.

मामांनी मग एक मागणी केली, जी मला फार आवडली. जुन्या पाचव्या-सहाव्या ओळींतल्या, दिसायला निर्दोष पण हलक्या गोळ्या वितळवून न टाकता त्या आणि नव्या भरीव गोळ्या एकाच दिवशी, आलटूनपालटून, एकाच टेकूवरून झाडून पाहा. भावाने दोन कागद शेजारी लावले, हलकीला डावा आणि भरीवला उजवा, आणि प्रत्येक बारानंतर तेच चार श्वास फुंकले. दहा-दहा बारांनंतर डावा ग्रुप १६ सेंटिमीटर आणि उजवा १० सेंटिमीटर होता. दुसऱ्या दिवशी भरीव गोळ्यांचाच ग्रुप ९ सेंटिमीटर पडला, तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि १३. दहा बारांवरून फार मोठे अनुमान काढू नये हे मला ठाऊक आहे, आणि हलक्या गोळ्या कमी पडल्या म्हणून ती तुलना पुन्हा करता आली नाही. तरी माझ्या हिशेबातले पाच सेंटिमीटर आणि त्याच्या कागदावरचा फरक इतके जवळ आले की मी तो कागद छापून वहीत डकवला आहे.

मामांनी त्याला पोस्टाने एक वस्तू पाठवली. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी काही खिळे घरी आणले होते. त्यांतला मोठा, आडवा कापलेला, आत भोक असलेला ‘ळ’ त्यांनी कागदात गुंडाळून दिला. तो आता भावाच्या भट्टीच्या वरच्या फळीवर आहे.

दोन प्रश्न शिल्लक आहेत. भरीव गोळ्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन बार अजूनही उजवीकडे वर जातात, आणि त्यांची वजने निर्दोष आहेत. भावाचा संशय स्वतःच्या खांद्यावर आहे. मामांनी गेल्या रविवारी फोनवर त्याला नळीच्या तोंडाचा जवळून फोटो मागितला आहे; त्यांचे म्हणणे असे की जिथून गोळी शेवटची सुटते त्या कडेला एवढ्या वर्षांत एखादा पोचा पडला असेल तर तो एका बाजूने वायू आधी सोडेल. फोटो अजून आलेला नाही.